सवय, सक्ति आणि मोकळीक : औंध संस्थानांतील प्रयोग



मनुष्याच्या सवयी वयाच्या कितव्या वर्षापर्यंत बदलतां येतात, हा प्रश्न घरोघर निघतो. पण तो निघतो तो बहुधा दुसऱ्याविषयीं. मुलगा सकाळीं वेळेवर उठत नाहीं, जावयाची तपकीर सुटत नाहीं, आजोबांचा तापटपणा आतां या वयांत काय जाणार, अशा रूपानें तो आपल्या कानांवर येतो. आणि 'स्वभावाला औषध नाहीं' या म्हणीनें त्याचा निकाल लावून आपण जेवायला उठतों. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १८९० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत सवयीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलें आहे. त्यांत त्याचें म्हणणें असें कीं, बहुतेकांचा स्वभाव तिशीच्या सुमारास गिलाव्यासारखा घट्ट बसतो आणि पुढें तो मऊ होत नाहीं. आजीबाईची म्हण आणि विद्यापीठांतला आचार्य यांचें असें एकमत क्वचितच होतें.

आज जी हकीकत मी सांगणार आहे ती या दोघांनाहि थोडी अडचणींत टाकणारी आहे. ती घडली औंध संस्थानांत. संस्थान म्हटलें कीं हत्ती, नगारे आणि तोफांची सलामी डोळ्यांपुढें येते. पण औंध हें सारें बहात्तर गांवांचें राज्य, तेंहि सलग नव्हे, साताऱ्याच्या आणि विजापुराच्या मुलखांत तुकड्यातुकड्यांनीं विखुरलेलें. या एवढ्याशा राज्यांत तीस वर्षांच्या अवधींत माणसाच्या सवयी बदलण्याचे दोन मोठे प्रयोग झाले. एक सक्तीनें झाला, दुसरा सक्ति काढून घेऊन झाला. दोन्ही एकाच राजाच्या अमदानींत झाले, म्हणून त्यांची तुलना मला उद्बोधक वाटते.

राजाचें नांव भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि. जन्म १८६८ चा. डेक्कन कॉलेजांतून ते बी. ए. झाले, चित्रें काढीत, कीर्तन करीत. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेच्या महाभारताला त्यांनीं मोठें द्रव्यसाहाय्य केलें, आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० सालीं कारखान्यासाठीं माळरान दिलें, ज्याची पुढें किर्लोस्करवाडी झाली. या सर्व गोष्टी पुष्कळांस ठाऊक आहेत. त्यांच्या व्यायामाची गोष्ट मात्र नीट कोणी सांगत नाहीं. सांगतात ती 'राजेसाहेब नमस्कार घालीत' एवढ्यावर संपते.

वस्तुतः ती सुरू होते नमस्कारापासून नव्हे. १८९७ च्या सुमारास युजेन सँडो या पहिलवानाची कीर्ति इंग्लंडांतून जगभर पसरली होती. भवानरावांनीं त्याचें पुस्तक मागविलें, त्याचीं साधनें मागविलीं, आणि त्या पद्धतीनें सुमारें दहा वर्षें नेमानें व्यायाम केला. हें लक्षांत घेण्यासारखें आहे. आळशी मनुष्य एके दिवशीं जागा झाला आणि व्यायाम करूं लागला, अशी ही गोष्ट नाहीं. ज्याच्या अंगीं दहा वर्षांची पक्की सवय मुरली आहे असा हा मनुष्य. तरी १९०८ सालीं, मिरजेच्या अधिपतींच्या आग्रहावरून, त्यानें ती पद्धति सोडली आणि सूर्यनमस्कार धरले. त्या वेळीं वय चाळिशीला टेकलेलें. जेम्ससाहेबांचा गिलावा दहा वर्षांपूर्वीच वाळला होता म्हणावयाचा!

मला विचाराल तर नवी सवय लावून घेण्यापेक्षां चांगली सवय तिच्याहून चांगलीसाठीं सोडणें हें कठीण. वाईट सवय सोडतांना मन आपल्या बाजूचें असतें, निदान तोंडानें तरी. चांगली सोडतांना तें विरुद्ध उभें राहतें : हें बरें चाललें आहे, मग मोडतां कशाला? भवानरावांनीं मोडलें तें काय आणि राखलें तें काय, हें पाहिलें म्हणजे उलगडा होतो. रोज शरीराला कांहीं वेळ द्यावयाचा हा नेम त्यांनीं राखला. बदलला तो त्या नेमामागचा हेतु. सँडोच्या पद्धतींत आरशाला मोठें स्थान आहे. मनुष्यानें आरशासमोर उभें राहावें, आपल्या दंडाकडे पाहावें, फितीनें छाती मोजावी. नमस्कारांत तोंड आरशाकडे नसतें. तेथें बीजमंत्रांसह सूर्याचीं नांवें घ्यावयाचीं असतात, श्वास सांभाळावयाचा असतो आणि कपाळ जमिनीला लावावयाचें असतें. उपकरण म्हणाल तर स्वतःच्या उंचीएवढी जागा. एकाच तासाचा आशय असा मुळापासून पालटला. मन फिरलें म्हणून सवय फिरली, कीं सवय फिरल्यावर मन मागून आलें, याचा निवाडा करण्याच्या फंदांत मी पडत नाहीं. दोघांची चाल दोन बैलांसारखी असावी, एक अंमळ पुढें, एक अंमळ मागें, पण जूं एकच.

४ नोव्हेंबर १९०९ रोजीं भवानराव गादीवर आले. राजाला एखादी गोष्ट पटली कीं ती प्रजेलाहि पटली पाहिजे असें त्याला वाटूं लागतें, आणि येथूनच पहिल्या प्रयोगाला आरंभ होतो. राजवाड्यांत राणीसाहेब व मुलेंबाळें नमस्कार घालूं लागलीं. संस्थानच्या शाळांतून मुलामुलींना नमस्कार सक्तीचे झाले. राजेसाहेबांनीं पुस्तकें लिहिलीं, व्याख्यानें दिलीं, स्वतः करून दाखविलें. १९३६ सालीं ते विलायतेस गेले असतां लुइझ मॉर्गन या वृत्तपत्रलेखिकेनें त्यांची भेट घेतली. साठीच्या पुढच्या या गृहस्थाचा तजेला पाहून ती थक्क झाली, आणि तिनेंच संपादिलेलें 'दि टेन पॉइंट वे टु हेल्थ' हें त्यांचें पुस्तक १९३८ सालीं लंडनच्या डेंट कंपनीनें काढलें. दहा स्थितींचा तो नमस्कार अशा रीतीनें समुद्रापार गेला. आज युरोप-अमेरिकेंत योगाच्या वर्गाला जाणारा मनुष्य पहिल्याच आठवड्यांत सूर्यनमस्कार शिकतो. त्याला औंधचें नांव ठाऊक नसतें, पण त्या प्रसाराच्या उगमाशीं असलेल्या चारदोन माणसांत औंधकर एक आहेत.

आतां सक्तीविषयीं. मीं पस्तीस वर्षें मास्तरकी केली आहे, आणि कवाइतीचा तास पुष्कळ वेळां माझ्याकडे असे. शिटी वाजली कीं दीडशें हात एकदम वर जात. पाहणाऱ्यास वाटावें, काय ही शिस्त! पण मे महिन्याची सुटी संपवून जूनमध्यें तींच मुलें परत आलीं म्हणजे निम्म्यांना गुडघा न वांकवितां पायाचे अंगठे धरतां येत नसत. सवय मुलांना लागलेलीच नव्हती, ती शिटीला लागली होती. सक्तीनें कांहींच साधत नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. सक्तीमुळें मुलाला ती गोष्ट करतां येऊं लागते. पोहतां येणें आणि रोज नदीवर जाणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पण ज्याला पोहतांच येत नाहीं त्याच्यापुढें दुसरी गोष्ट उभीच राहत नाहीं. औंधच्या सक्तीनें हजारों मुलांना नमस्कार येऊं लागले. ते पुढें किती जणांनीं राखले, हें ज्याचें त्यानें घरीं ठरविलें.

दुसरा प्रयोग याच्या अगदीं उलट्या टोकाचा. त्याची कथा सांगण्यासाठीं एका परक्या माणसाला बोलवावें लागेल. मॉरिस फ्रीडमन हे पोलंडांतील ज्यू कुटुंबांत जन्मलेले इंजिनीअर; वॉर्सा हें त्यांचें गांव. म्हैसूर संस्थानच्या बोलावण्यावरून बंगलोरास विजेच्या सामानाचा सरकारी कारखाना चालविण्यासाठीं ते आले, आणि आले ते इकडचेच झाले. रमण महर्षींकडे जाऊं लागले, भगवीं वस्त्रें धारण केलीं, गांधीजींच्या मंडळींत भारतानंद या नांवानें वावरूं लागले. सुतासाठीं त्यांनीं धनुष्य-तकली तयार केली. औंधच्या राजेसाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत नुकतेच ऑक्सफर्डहून बॅरिस्टर होऊन परतले होते. या दोघांची मैत्री जमली आणि फ्रीडमन औंधास येऊन राहिले. इंजिनीअर, संन्यासी आणि परदेशी, असा तिहेरी उपद्रव एका लहान संस्थानाच्या कारभाराला एकदम झाला, असें जुन्या कारकुनांना वाटलें असल्यास नवल नाहीं.

त्यांच्या विचारांतून पहिली मोठी गोष्ट निघाली ती राज्यकारभाराची. नोव्हेंबर १९३८ मध्यें, वयाला सत्तर वर्षें पूर्ण झालीं असतां, भवानरावांनीं आपली सत्ता प्रजेच्या हातीं देण्याचें जाहीर केलें. घटनेचा विचार गांधीजींच्या सल्ल्यानें झाला आणि २१ जानेवारी १९३९ रोजीं ती अमलांत आली. गांवाची पंचायत हा त्या घटनेचा पाया. सत्ता ही सवयच आहे. किंबहुना सर्व सवयींत ती अधिक चिवट. तीस वर्षें ज्याच्या शब्दावर सहीशिक्का उठला त्यानें सत्तरीनंतर 'आतां तुम्ही ठरवा' म्हणावें, हें नमस्कारापेक्षां कितीतरी अवघड आसन होतें. पुढें ८ मार्च १९४८ रोजीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, त्यामुळें पंचायतीची ती सवय प्रजेच्या अंगवळणीं कितपत पडली याची परीक्षा होण्यापूर्वींच शाळा बंद झाली. नऊ वर्षें हा काळ राज्याच्या आयुष्यांत थोडा.

पण त्याच १९३९ सालीं दुसरी एक गोष्ट सुरू झाली, ती अद्याप चालू आहे. फ्रीडमनांचें म्हणणें असें कीं, कैद्याला भिंतीआड कोंडून सुधारतां येत नाहीं. त्याला जमीन द्या, काम द्या, बायकामुलें जवळ असूं द्या, आणि पहारा काढून घ्या. भुरट्या चोराविषयीं असें कोणी म्हटलें असतें तर ऐकून घेतलें असतें. येथें प्रश्न खुनासारख्या गुन्ह्यांत लांबच्या शिक्षा झालेल्यांचा होता.

ही सूचना त्या काळीं किती विपरीत वाटली असेल याची कल्पना आज येणार नाहीं. १८७१ पासून हिंदुस्थानांत गुन्हेगार जातींचा कायदा होता. कांहीं जमाती जन्मानेंच गुन्हेगार, मुलगा जन्मला कीं तो होऊं घातलेला चोर, असा त्याचा भावार्थ. त्या जमातींच्या माणसांनीं पोलिसांकडे हजेरी द्यावयाची, परवानगीवांचून गांव सोडावयाचें नाहीं. सोलापुरास तर तारेच्या कुंपणांत त्यांची वसाहत होती. तो कायदा रद्द झाला १९५२ सालीं. गुन्हा रक्तांत असतो असें सरकारच जेथें छापून म्हणत होतें, तेथें 'गुन्हा रक्तांत नसतो, तो परिस्थितींत आणि मनाच्या वळणांत असतो' असें म्हणणारा मनुष्य खुळा ठरावयाचा. तुरुंगांचा हेतु कैद्याची सुधारणा हाहि असावा, असें १९१९-२० च्या जेल कमिटीनें लिहून ठेवलें होतें; पण तो कागदावरचा हेतु भिंतीच्या आंत शिरला नव्हता.

वसाहतीसाठीं जागा ठरली आटपाडीजवळ. हा माणदेश. पाऊस येथें पाहुण्यासारखा येतो आणि पाहुण्यासारखाच निघून जातो. बाजरी, ज्वारी, शेरडें-मेंढरें हें इकडचें वैभव. पुढील काळांत गदिमा आणि व्यंकटेश या माडगूळकर बंधूंनीं हा मुलूख मराठी वाचकांच्या ओळखीचा केला. त्यांचें माडगूळ याच आटपाडीच्या पंचक्रोशींतलें. अशा कोरड्या रानांत कैद्यांनीं कुटुंबासह राहावें, शेती करावी आणि शिक्षेचीं वर्षें काढावींत, असें ठरलें. भिंत नाहीं. वसाहतीचें नांव ठेवलें स्वतंत्रपूर. कैदखान्याला हें नांव देण्यांत कोणाला उपहास दिसला असेल. मला तर त्यांत सबंध प्रयोगाचा अर्थ दिसतो. माणसाला तुम्ही ज्या नांवानें रोज हांक मारतां त्या नांवासारखें वागण्याकडे त्याची ओढ होत जाते, हें वर्गांत 'ढ' म्हणून बसविलेल्या मुलांकडे पाहून कोणाहि शिक्षकानें ओळखावें. स्वतंत्रपुरांत राहणाऱ्याला पत्ता सांगतांना स्वतःला कैदी म्हणावें लागत नाहीं.

पण निव्वळ नांवानें भागत नाहीं. तुरुंगांत मनुष्य पहांटे उठतो तो घंटेमुळें, जेवतो तो घंटेमुळें, निजतो तोहि घंटेमुळें. दहा वर्षें असा नेम चालला तरी त्यांतली एकहि सवय त्याची स्वतःची नसते. माझ्या शाळेंतल्या शिटीचाच हा मोठा भाऊ. सुटल्याच्या दुसऱ्या दिवशीं घंटा नाहीं, म्हणजे उठण्याचें कारणहि नाहीं. शेतावर निराळें. तेथें पेरणीची वेळ चुकली तर कोणी शिक्षा करीत नाहीं, पीकच येत नाहीं. मोट चालली नाहीं तर रोप वाळतें आणि वाळलेलें रोप रात्रीं बायकोच्या बोलण्यांत येतें. उठण्याचें कारण असें बाहेरून आंत सरकतें. आणि पळून जावयाचें तर वाट मोकळी आहे. तरी आज गेलों नाहीं, हा निर्णय त्या मनुष्याला रोज सकाळीं नव्यानें घ्यावा लागतो. भिंतीआड राहणाऱ्याला 'मी पळालों नाहीं' असें म्हणण्याची सोयच नसते. ज्याच्या हातून एकदां घोर कृत्य घडलें आहे त्याला स्वतःविषयीं एक चांगली गोष्ट रोज खरी करून दाखविण्याची जागा स्वतंत्रपुरानें दिली. माझ्या मतें मनाचा पालट घडविणारी जी गोष्ट आहे ती ही आहे, उपदेश नव्हे.

कुटुंबाचा विचार यांत फार महत्त्वाचा आहे. शिक्षा होते एकाला, भोगतात पांच. बाप दहा वर्षांनीं घरीं येतो तेव्हां मुलगा त्याला ओळखत नाहीं, आणि बायकोनें त्याच्यावांचून घर चालविण्याची रीत बसविलेली असते. त्या घरांत बापाला जागा सांपडत नाहीं म्हणून तो पुन्हां जुन्या सोबत्यांकडे जातो. स्वतंत्रपुरांत हा दुरावा मुळांतच टाळला आहे.

आतां यावर आक्षेप काय येतील तें मला ठाऊक आहे. पहिला असा कीं ही वसाहत अगदींच लहान. तिची क्षमता अवघी अठ्ठावीस कैद्यांची आहे. अठ्ठावीसांवरून हजारोंचा कायदा कसा बांधावा? हा आक्षेप रास्त आहे. दुसरा याहून वजनदार : खुल्या वसाहतींत कैदी पाठवितात ते वर्तणूक पाहून, निवडून. मग ते सुधारले तें वसाहतीमुळें, कीं सुधारण्याजोगे होते म्हणूनच तेथें आले? याहि आक्षेपांत तथ्य आहे आणि मी तो झटकून टाकणार नाहीं. परंतु ज्यांनीं हा आक्षेप घ्यावयाचा त्यांनीं म्हणीचा आधार तरी सोडला पाहिजे. 'सुधारण्याजोगे' खुनी असूं शकतात एवढें एकदां कबूल झालें म्हणजे 'स्वभावाला औषध नाहीं' हें वाक्य पुरतें उरत नाहीं. ज्याला बळी पडलेल्या घराचें दुःख आठवतें तो विचारील, मारेकऱ्यानें बायकामुलांसह शेत कसावें हा कुठला न्याय? त्या घरापुढें माझ्याजवळ उत्तर नाहीं, आणि फ्रीडमनांजवळ असतें असेंहि वाटत नाहीं. शिक्षेचा हिशेब आणि सुधारणेचा हिशेब या दोन वेगळ्या वह्या आहेत; त्यांची बेरीज एका पानावर मांडतां येत नाहीं.

या प्रयोगाची बातमी जगाला कळली ती चित्रपटामुळें. १९५७ सालीं व्ही. शांताराम यांनीं 'दो आँखें बारह हाथ' काढला. कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि हा सर्व प्रयोग त्यांच्या घराजवळ घडलेला. सहा खुनी कैद्यांना घेऊन ओसाड रानांत शेती करणारा जेलर त्यांत शांतारामांनीं स्वतः रंगविला, आणि बैलाशीं झुंजण्याच्या प्रसंगीं त्यांच्या डोळ्यांना मोठी इजा झाली. चित्राला राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें, १९५८ सालीं बर्लिनच्या महोत्सवांतहि त्याचा गौरव झाला. चित्र उत्तम आहे याविषयीं वाद नाहीं; पण एका बाबतींत तें स्वतंत्रपुरापासून दूर जातें. चित्रांत कैद्यांना बांधून ठेवतात ते जेलरचे दोन डोळे. तो नसला तरी त्याचे डोळे त्यांना दिसतात. खऱ्या वसाहतींत अशा डोळ्यांवर भिस्त ठेवून आठ दशकें काढतां आलीं नसतीं. अधिकारी बदलतात, निवृत्त होतात. संस्थान गेलें, मुंबई राज्य आलें, मग महाराष्ट्र राज्य आलें. टिकली ती शेताची आणि संसाराची व्यवस्था. चित्रपटाला नायक लागतो, त्याला इलाज नाहीं.

भवानराव १९५१ च्या एप्रिलांत वारले. अप्पासाहेब स्वतंत्र भारताचे वकील म्हणून पूर्व आफ्रिकेंत आणि पुढें लंडनपर्यंत अनेक देशांत गेले. फ्रीडमन मुंबईस राहिले. उतारवयांत ते खेतवाडीच्या एका माळ्यावर जाऊन बसत. तेथें विडीचें दुकान चालविणारे निसर्गदत्त महाराज मराठींत निरूपण करीत. त्या संवादांचें इंग्रजी पुस्तक फ्रीडमनांनीं १९७३ सालीं सिद्ध केलें आणि तीन वर्षांनीं मुंबईतच त्यांचें निधन झालें. आटपाडीची वसाहत आतां महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आहे, सांगली जिल्ह्यांत. कैदी तेथें अजून कुटुंबासह राहतात आणि जमीन कसतात.